हा आवाज तुमचाच आहे

तिला त्या दुकानात जायचंच नव्हतं. जायचं होतं चौकातल्या काचेच्या दारांच्या मोठ्या दुकानात. पण कॉम्प्युटरचा डबा उचलून घरातून निघणं वेगळं आणि तो तिथवर पोचवणं वेगळं. निम्म्या वाटेतच तिचे हात भरून आले, बोटं बधिर झाली, आणि समोर एका जिन्याखाली कोंबलेल्या दुकानाची पायरी दिसली. फक्त मिनिटभर टेकवते... असं स्वतःला बजावून तिने डबा पायरीवर ठेवला आणि कपाळावरचा घाम पुसला.

“पायरीवरचे पेशंट आम्ही तपासत नाही,” आतून आवाज आला. “आत आणा.”

आवाजामागून माणूस आला. उंच, किडकिडीत, जिन्याला डोकं आपटू नये म्हणून वाकून राहायची सवय लागलेला. कानावर टेस्टर खोचलेला. त्यामुळे अख्खी गल्ली त्याला टेस्टरच म्हणायची, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे... आणि हे दुसरं पाहणं गरजेपेक्षा जरा लांबलं. तिच्या ते लक्षात आलं. असल्या गोष्टी लक्षात यायला वेळ लागत नाही.

ती म्हणाली की पेशंट वगैरे काही नाही, हा सरळ मेलेलाच आहे, दोन वर्षं चादरीखाली पडून होता. त्याने स्क्रू काढले, झाकण बाजूला केलं, आत फुंकर मारली आणि उडालेल्या धुळीने स्वतःच शिंकला. मग टेस्टरच्या टोकाने दाखवलं, मदरबोर्ड गेलाय, ह्या कपॅसिटरच्या टोप्या बघा कशा फुगल्यात. पण हार्ड डिस्क दोन आहेत आणि दोन्ही जिवंत असाव्यात.

“मला नवा कॉम्प्युटर हवाय,” ती म्हणाली. “मी घरांचे नकाशे काढते, त्याला पुरेल असा. पण ह्या दोन्ही डिस्क त्यातच बसवायच्या. काढून कप्प्यात टाकायच्या नाहीत.”

“बसवू की.”

“जुन्या डिस्क नव्या बोर्डाबरोबर नांदतील?”

“नांदतील. फक्त घरात कर्ता कोण, ते आधी सांगून ठेवावं लागतं. नाही सांगितलं तर जुनी मंडळी ताबा घेतात.”

ती हसली. मनापासून, मान मागे टाकून. बऱ्याच महिन्यांनी हसली असावी, कारण हसून झाल्यावर ती स्वतःच जराशी दचकली.

पुढे जे झालं ते त्या हसण्यामुळे झालं, असं टेस्टर आजही म्हणतो. दुसऱ्या दिवशी त्याने नवा बोर्ड बसवला, त्याच्यावर नवा सेल घातला, नवी डिस्क जोडली, जुन्या दोन्ही जोडल्या. हात सरावाने चालत होते आणि डोकं कालच्या हसण्यात होतं. कर्ता कोण, म्हणजे कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं, ते सांगून ठेवायचं तो साफ विसरला. इतक्या वर्षांत हे त्याच्याकडून कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी ती आली तेव्हा त्याने ऐटीत बटण दाबलं. पडदा बराच वेळ काळा राहिला. मग पांढऱ्या ठिपक्यांचं एक वर्तुळ गरगरायला लागलं. “नवी जागा ओळखून घेतोय,” तो म्हणाला, पण त्याच्या कपाळावर आठी पडली होती. कोऱ्या निळ्या पडद्याऐवजी समोर एका व्हरांड्याचं चित्र आलं, त्यात एक रिकामी खुर्ची. तिचा चेहरा उतरला. तो व्हरांडा तिच्या घरचा होता. कुणीही हात लावला नसताना पडद्यावरचा बाण इंचभर सरकला, आणि दोन्ही स्पीकरमधून श्वास ऐकू आला. बोलायच्या आधी माणूस घेतो तसा.

“घाबरू नका,” म्हाताऱ्या, शांत आवाजात कुणीतरी म्हणालं. “हा आवाज तुमचाच आहे.”

टेस्टरचा हात हवेतच राहिला.

“आज एक जानेवारी. थंडी आहे. मफलर दाराजवळच्या खुंटीवर आहे. संध्याकाळी लगबगचा फोन येईल. ती चिडली तर चिडू दे. चिडली की नीट जेवते.”

मग खुट्ट झालं आणि आवाज थांबला. बाहेर एप्रिल संपत आला होता, दुकानाचा पत्रा उन्हाने दिवसभर तापला होता, पंखा गरम वारा फेकत होता, आणि तरी दोघांच्याही अंगावर काटा आला. “लगबग कोण?” त्याने हळूच विचारलं.

“मी,” ती म्हणाली, आणि तिथल्या स्टुलावर बसली.

मग तिने सांगितलं. आवाज बाबांचा होता. आई लहानपणीच गेली, घरात ती आणि बाबा दोघंच. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि इकडे बाबांना विसरायला व्हायला लागलं. ते कुणाला सांगायचे नाहीत, तिलाही नाही. पण रोज झोपण्यापूर्वी दुसऱ्या दिवशीच्या स्वतःसाठी चार वाक्यं कॉम्प्युटरमध्ये बोलून ठेवायचे. सकाळी बटण दाबलं की त्या तारखेचं बोलणं ऐकू यायचं. हे तिला शेजाऱ्यांकडून कळलं, तेही ते गेल्यावर. नोकरी सोडून मार्चअखेर येते असं तिने त्यांना सांगितलं होतं. ते मार्चच्या मध्यातच झोपेत गेले.

“आदल्या संध्याकाळी मी फोन केला होता,” ती म्हणाली, “तर म्हणाले, आपण कोण बोलताय? मला रडूच फुटलं. मी फोन ठेवला. तेच शेवटचं.”

मग त्याला जे येत होतं तेच तो बोलला. नव्या बोर्डाला सेल घातला की त्याचं घड्याळ कारखान्याने ठरवलेल्या तारखेपासून सुरू होतं. हा बोर्ड दोन वर्षं खोक्यात पडून होता, म्हणून कॉम्प्युटरला वाटतंय की दोन वर्षांपूर्वीचंच वर्ष चालू आहे, आज एक जानेवारी आहे. काळजीचं काही नाही, नेट जोडलं की तारीख आपोआप ताळ्यावर येईल. असं म्हणत त्याने वायर उचलली आणि तिने झटकन त्याचं मनगट धरलं.

दोघांनी त्या मनगटाकडे पाहिलं. तिने सोडलं नाही, त्यानेही ओढून घेतलं नाही.

“राहू दे,” ती म्हणाली. “तेच वर्ष राहू दे.”

त्याने दोन्ही डिस्कची नक्कल आधी बाजूला काढून ठेवली, म्हणजे काही झालं तरी आवाज कुठे जाणार नाही. सगळ्या तारखांचं बोलणं आत्ताच एका बैठकीत ऐकवतो असंही म्हणाला. तिने मान हलवली. माणूस रोज थोडं थोडं बोलतो, तसंच ऐकायचं होतं तिला. आणि तिच्या मनात काय होतं ते टेस्टरला न सांगताही कळलं. बाबा तिला शेवटी खरंच विसरले होते का, की त्या एका संध्याकाळपुरतेच... हे तिला कळायला हवं होतं, आणि त्याच उत्तराची तिला भीतीही वाटत होती.

कॉम्प्युटर घरी गेला, व्हरांड्यालगतच्या बाबांच्या खोलीत. सकाळी नव्या डिस्कवर ती नकाशे काढायची आणि दिवेलागणीला तो बंद करून जुन्या डिस्कवरून पुन्हा सुरू करायची. टेस्टरने दाखवून दिलं होतं, सुरू होताना कुठली कळ दाबायची आणि यादीतून कोणाला निवडायचं. नेटची वायर भिंतीशी गुंडाळून ठेवलेली होती. घरात तिच्या सोबतीला मावशी राहायला आली होती. तिला एका कानाने कमी ऐकू यायचं, आणि दुसऱ्या कानाने फक्त सोयीचं. पहिल्या संध्याकाळी खोलीतून बाबांचा आवाज आला तेव्हा मावशी स्वयंपाकघरातून हात पुसत आली, डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, “भावोजी, चहा ठेवू का?”

लगबगला हसू आलं. मग मावशीने खरंच चहा ठेवला आणि कप कॉम्प्युटरशेजारी आणून ठेवला, तेव्हा आलं नाही.

टेस्टर येत राहिला. जुनी डिस्क खोबणीत पक्की बसायला चार स्क्रू लागतात. त्याच्याकडे म्हणे त्या मापाचा एकच होता. दुसरा तीन दिवसांनी मिळाला. तिसरा त्याने आणला आणि खाली पाडला, आणि दोघांनी पलंगाखाली वाकून शोधला. तिथे काळोखात त्यांची डोकी एकमेकांवर आपटली.

“स्क्रूचं दुकान तुमच्या शेजारीच आहे,” कपाळ चोळत ती म्हणाली. “मी पाटी वाचलीय.”

“त्याच्याकडे चांगल्या प्रतीचे नसतात.”

“आणि तुमच्याकडे एका वेळी एकच असतो.”

“चारही एकदम आणले तर...” तो थांबला. टेस्टर कानावरून काढून हातात फिरवत राहिला. “तर मग मी कशासाठी यायचं?”

तिने स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला आणि बोटं मिटवली. त्या क्षणी ती काहीतरी बोलणार होती. पण तिच्या मागे स्पीकरमध्ये श्वास ऐकू आला, आणि बाबा म्हणाले, “घाबरू नका. हा आवाज तुमचाच आहे. घरात कुणी अनोळखी दिसलं तर आधी बसा म्हणा. मग कोण ते विचारा. विचारायला लाजू नका.”

टेस्टर पलंगाच्या कडेवर बसला. मग पडद्याकडे तोंड करून, अगदी गंभीरपणे, म्हणाला, “मी कॉम्प्युटर दुरुस्त करतो, काका. तुमच्या मुलीकडे आलोय.” डिस्कच्या आत काहीतरी बारीक आवाजात फिरत होतं. ती हसली नाही आणि तोही हसला नाही.

असे दिवस गेले. बाहेर उन्हाळा सरला, पावसाला सुरुवात झाली, भिंतींना ओल आली. बाबांच्या खोलीत मात्र जानेवारी संपून फेब्रुवारीही अर्धा सरला होता. हळूहळू त्या खोलीतलं वर्ष घरभर पसरायला लागलं. बाबा थंडी आहे म्हणाले की लगबग शाल काढायची आणि घामाने निथळत तीत बसायची. तिने एका घराचा नकाशा काढून दिला, तो परत आला, कारण त्यावरची तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. तिने ती वाचली आणि तिला त्यात काय चुकलंय ते चटकन कळेना. मावशी दूध घ्यायला गेली की बाबांच्या वाट्याचंही घ्यायची. एकदा टेस्टर दार वाजवून उभा होता, तर दार उघडून ती त्याच्याकडे पाहतच राहिली. हा माणूस इथे कसा, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं. क्षणभरच. पण त्याने ते पाहिलं.

आणि बाबा बदलत चालले होते. बोलण्यात मोठमोठ्या फटी पडायला लागल्या. फटीत घड्याळाची टिकटिक ऐकू यायची, दोन वर्षांपूर्वीच्या घड्याळाची. ‘आरशातला माणूस ओळखीचा वाटला नाही तर त्याच्याकडे बघून हसा, तोही हसेल,’ असं एका संध्याकाळी म्हणाले. एकदा म्हणाले, ‘बाहेर जाऊ नका, रस्ते बदललेत.’ एकदा, ‘भिंतीवरच्या फोटोतली मुलगी तुमची आहे. तिला लगबग म्हणतात. पाठ करा.’ त्या संध्याकाळी ती फोटोखाली जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. टेस्टर चौथा स्क्रू खिशात घेऊन आला होता. तो त्याने तसाच परत नेला.

पुढे कितीतरी दिवस तिचं नाव आलं नाही. औषधं आली, गॅस आला, दाराची कडी आली. मग मार्च लागला आणि बाबा म्हणाले, “रोज संध्याकाळी एक मुलगी फोन करते. कोण ते कळत नाही. चांगल्या घरची वाटते. तिच्याशी नीट बोला.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भिजत दुकानात आली. शाल अंगावर होती, तिच्यातून पाणी गळत होतं. तिने स्टूल ओढलं नाही, ती उभीच राहिली. म्हणाली, तारीख मागे घ्या. एक जानेवारी करा. जानेवारीत त्यांना मी माहीत आहे. मार्च आला की पुन्हा जानेवारी करायचा, असं करत राहता येईल, येईल ना?

त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. “येईल,” तो म्हणाला. “त्याला मी लागत नाही. सुरू होताना तीच कळ, आणि आत तारखेचा रकाना. एका मिनिटाचं काम आहे.”

“मग करून द्या.”

“तुम्हीच करा. फक्त एक सांगतो, मग तुम्हाला काय करायचं ते करा.” त्याचा आवाज नेहमीसारखा मिश्कील नव्हता. “मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवशी पायरीवर डबा ठेवलात तेव्हापासून. तुमच्यामुळे माझ्याकडून चूक झाली, आणि त्या चुकीतून हे सगळं झालं, त्याचं मला वाईट वाटतं आणि वाटतही नाही. पण त्या वर्षात मी नाही. त्या वर्षात तुम्ही मला ओळखत नाही. त्या दिवशी दार उघडल्यावर तुम्ही मला ओळखलं नव्हतंत.”

“ओळखलं होतं...”

“नंतर ओळखलंत. पुन्हा जानेवारी केलात तर मी यायचा नाही. राग म्हणून नाही. मला तिथे यायला वाटच नाही.”

बाहेर पावसाची झड वाढली, जिन्यावरून पाणी धबाधबा खाली आलं. त्याने छत्री पुढे केली, तिने घेतली नाही. जाताना तिच्या मनात एकच गोष्ट होती, की हा म्हणतो ते खरं आहे. आणि तरीही तिला बाबाच हवे होते. बाबांच्या तोंडून आपलं नाव हवं होतं. त्या घटकेला ते तिला टेस्टरपेक्षाही जास्त हवं होतं, आणि त्याची तिला लाज वाटली.

तो आला नाही. तिने तारीखही मागे घेतली नाही, रोज उद्यावर ढकलत राहिली. असं करता करता कॉम्प्युटरमध्ये मंगळवार उगवला, तो मंगळवार. बाबा म्हणाले, “दूध उतू जाईल. तिथेच उभे राहा.” एवढंच. हे त्यांनी सोमवारी रात्री बोलून ठेवलेलं होतं. मंगळवारी दिवसभर ते जिवंत होते, मंगळवारी संध्याकाळी तिच्याशी बोलले होते, आणि रात्री झोपेत गेले होते. म्हणजे हेच शेवटचं. मावशीने कान टवकारून पाहिलं, मग न सांगता बाबांच्या नावाचा कप उचलून आत नेला आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला.

बुधवारी दिवेलागणीला लगबग बाबांच्या खुर्चीत बसली. तिचं ठरलं होतं. आज ह्या कॉम्प्युटरच्या जगात बाबा नाहीत, आणि हा दिवस तिला तिथे काढायचा नव्हता. सुरू करायचा, कळ दाबायची, रकान्यात जानेवारी लिहायचा. तिने बटण दाबलं आणि बोट कळेवर नेलं.

तेवढ्यात दार वाजलं.

मावशीने उघडलं. टेस्टर होता, छत्री असून खांद्यापर्यंत भिजलेला. तो दारातूनच म्हणाला की आज त्यांच्या तारखेने बुधवार आहे, मला माहिताय, आजचा दिवस तिने एकटीने काढू नये म्हणून आलो, नको असेन तर पायरीवर बसतो. लगबगने वळून त्याच्याकडे पाहिलं. आणि पाहता पाहता कळ दाबायची वेळ निघून गेली. पडद्यावर ठिपके गरगरले, व्हरांडा आला, रिकामी खुर्ची आली.

स्पीकरमध्ये श्वास ऐकू आला.

मावशीने दाराची चौकट धरली. “अगं, पण भावोजी तर काल...” ती म्हणाली, आणि पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. लगबगचं बोट कळेवरून खाली आलं. त्या तारखेला बाबा जगात नव्हते. शेजाऱ्यांनी सकाळी दार ढकललं होतं, तिला फोन आला होता, ती मिळेल त्या गाडीने निघाली होती. त्या दिवशी ह्या घरात त्यांच्यासाठी बटण दाबणारं कुणीच उरलं नव्हतं. पण आदल्या रात्री झोपण्यापूर्वी ते उद्यासाठी बोलून ठेवून गेले असतील, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“घाबरू नका,” बाबा म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, तोंड माइकला लागल्यासारखा जवळून. “हा आवाज तुमचाच आहे.”

टिकटिक झाली. बरीच झाली.

“काल फोनवर ती मुलगी रडली. मी तिला कोण म्हणून विचारलं, त्याने रडली. आता तिला नाव विचारू नका. तिला त्रास होतो. आज तिचा फोन आला की आधी विचारा, जेवलीस का. मग विचारा, तुला असं विचारणारं कुणी आहे का.” पुन्हा टिकटिक. “नसेल तर आपण विचारत जाऊ. रोज. विसरू नका.”

खुट्ट झालं. त्यानंतर त्या डिस्कवर कुठल्याच तारखेचं बोलणं नव्हतं.

लगबग रडली. तोंड दाबून नाही, लपवून नाही, लहानपणी रडायची तशी मोठ्याने. बाबा तिला विसरले होते. ते खरंच होतं, त्यात आता काही शंका उरली नव्हती. तिचं नाव, तिचा चेहरा, ती आपली मुलगी आहे हे सगळं त्यांच्या हातातून गेलं होतं, आणि ते गेल्यावरही एक अनोळखी मुलगी रडली म्हणून ते रात्री उठून बसले होते, तिची सोय लावायला. एवढी दोन वर्षं ती ज्या प्रश्नाला भीत होती, त्याचं उत्तर इतकं वाईट आणि इतकं चांगलं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. टेस्टर जवळ आला नाही. खोलीच्या उंबऱ्यात उभा राहून तिचं रडणं संपायची वाट पाहत राहिला, आणि मध्येच त्याने बाहीने स्वतःचेही डोळे पुसले.

मग ती उठली. शाल काढून खुर्चीवर टाकली. भिंतीशी गुंडाळलेली नेटची वायर तिने सोडवली, खाली वाकून खोबण चाचपली आणि खटकन बसवली. पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे जरा वेळ तसेच राहिले. मग एका क्षणात मार्च गेला, ते वर्ष गेलं, मधली वर्षं गेली आणि पावसाळ्यातली आजची तारीख आली. मावशीने “बाई गं” म्हटलं आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. त्या बाईला कधी काय ऐकू येऊ नये, ते बरोबर कळायचं.

“जेवलात का?” लगबगने विचारलं. आवाज अजून घोगरा होता.

“सकाळपासून नाही,” तो म्हणाला. “इथे यावं की नाही, ह्यातच दिवस गेला.”

“तुम्हाला विचारणारं कुणी आहे का?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. हे पाहणंही गरजेपेक्षा लांबलं, पण ह्या वेळी तीही नजर काढून घ्यायला तयार नव्हती. “आत्तापर्यंत नव्हतं,” तो म्हणाला.

“मग मी विचारत जाईन. रोज.” तिने श्वास घेतला. “मला तू आवडतोस. आज सांगतेय, ह्या वर्षात सांगतेय, नीट ऐकून ठेव.”

“ऐकलं,” तो म्हणाला, आणि उंबरा ओलांडून आत आला. “तू जेवलीस का?”

“नाही.”

“का?”

“तूही नाही जेवलास म्हणून असेल,” ती म्हणाली, आणि त्याचा भिजलेला हात धरून त्याला आत, स्वयंपाकघरात, घेऊन गेली.